बिडी स्वस्त, कारण बाई स्वस्त

सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने तंबाखूबद्दल दोन निर्णय घेतले. सिगारेट आणि खायच्या तंबाखूवरचा कर ४० टक्क्यांवर न्यायचा आणि बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरवायचा. सोबत तेंदूपानांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणायचंही ठरलं. एकच विष, पण श्रीमंताच्या ओठातलं महाग आणि गरिबाच्या ओठातलं स्वस्त. याला सरकारी भाषेत सवलत म्हणतात.

बिडीला सवलत द्यायची वेळ आली की गेली कित्येक वर्षं तीच दोन कारणं पुढे केली जातात. बिडी हा गरिबाचा विसावा आहे, त्याच्या तोंडचं एवढंसं सुख तरी महाग करू नका, हे पहिलं कारण. बिडी वळणाऱ्या लाखो बायांचं पोट तिच्यावर आहे, कर वाढवलात तर त्या उपाशी मरतील, हे दुसरं. पहिलं कारण गरीब पुरुषाच्या नावानं सांगितलं जातं, दुसरं गरीब बाईच्या नावानं. या दोघांना कुणी विचारलेलं मात्र नसतं.

मी सालेकसा तालुक्यात काम करते. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, मधून हावडा-मुंबई रेल्वेमार्ग, भोवती धानाच्या बांध्या आणि जंगल. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला देशभरातून गोंड समाज येतो, तेवढ्यापुरतं आमच्या दरेकसाचं नाव वर्तमानपत्रात दिसतं. बाकी वर्षभर इथल्या बाया रोवणीला, निंदणीला, मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जातात, आणि त्यांच्या नावावर दिल्लीत कोण काय मागतं याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून या बायांच्या बाजूनं हे दोन्ही मुद्दे तपासून पाहायचे आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं, की बिडी गरिबावरच्या दयेमुळे स्वस्त राहिलेली नाही. पान तोडणाऱ्या बाईचे श्रम स्वस्त आहेत, बिडी वळणाऱ्या बाईचे श्रम स्वस्त आहेत, आणि ओढणाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईचे श्रम तर फुकटच आहेत. म्हणून बिडी स्वस्त आहे.

ओढतं कोण?

धूम्रपान ही गरिबांची, अडाण्यांची वाईट सवय आहे असं आज सर्रास बोललं जातं. जणू गरिबीतच काही खोट आहे! इतिहास वेगळं सांगतो. १९५० साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, तेव्हा तिथं डॉक्टर, वकील, खाणकामगार सगळेच ओढत होते. पुढच्या दशकांमध्ये सुशिक्षित आणि सुस्थितीतल्या लोकांनी सोडली. त्यांच्याकडे माहिती होती, डॉक्टर होता, नोकरीची खात्री होती, मन रमवायला दुसरं काही होतं. मजूर, बेकार आणि एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या बाया मागे राहिल्या. १९९३ साली हिलरी ग्रॅहम या अभ्यासक बाईंनी गरिबीत मुलं वाढवणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांच्या धूम्रपानावर पुस्तक लिहिलं. या आयांना धोका माहीत होता. पण दिवसभराच्या रगाड्यात स्वतःसाठी मिळणारा निवांत क्षण तेवढा एकच होता, तो सिगारेटचा, असं त्यांनी दाखवून दिलं. सवयीमागे अज्ञानापेक्षा परिस्थिती अधिक असते, हे इतकं स्पष्टपणे आपल्या आरोग्यखात्याच्या एकाही भित्तिपत्रकावर मी वाचलेलं नाही.

आपल्याकडे तर सुरुवातीपासूनच उतरंड आहे. साहेबाची सिगारेट आणि मजुराची बिडी. मधल्या काळात स्वदेशीच्या चळवळीनं विलायती सिगारेटवर बहिष्कार घातला आणि बिडीला देशभक्तीचा मान मिळाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोंदिया, भंडारा, कामठी, जबलपूर या पट्ट्यात बिडीचा धंदा फोफावला तो तीन गोष्टींवर. जंगलातलं पान, नव्यानं आलेली रेल्वे आणि मुबलक स्वस्त मजूर. देशभक्ती ओसरली. मजुराची स्वस्ताई तेवढी टिकून राहिली.

आकडेच पाहायचे तर केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले. पुरुषांत १९ टक्के, स्त्रियांत २ टक्के. बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के. म्हणजे जाहिरातीत, सिनेमात आणि आपल्या डोळ्यांपुढे सिगारेट असली तरी भारत मुख्यतः ओढतो ती बिडी. सरकारी पाहण्यांमध्ये पुन्हा पुन्हा तेच दिसतं. सर्वांत गरीब घरांमध्ये तंबाखूचं प्रमाण सर्वांत जास्त, श्रीमंत घरांमध्ये सर्वांत कमी. शाळा न पाहिलेल्यांत जास्त, शिकलेल्यांत कमी. आणि सामाजिक गटांमध्ये अनुसूचित जमातींत सर्वाधिक. आमच्या तालुक्यातल्या टोल्यांवर या तिन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात.

बिडी लहान असते, तिच्यात तंबाखू थोडी असते, वर पान असतं, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य असा एक लाडका गैरसमज आहे. तेंदूचं पान कागदासारखं सच्छिद्र नसतं. बिडी विझू नये म्हणून जोरानं आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही तिच्यातून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त जातं. २००८ साली देशभरातल्या अकरा लाख घरांवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी घटलेलं आढळलं, आणि बिडी ओढणाऱ्या बाईचं आठ वर्षांनी. ज्याला विसावा म्हणतात त्याची ही किंमत आहे. आणि बाईनं तो विसावा घेतलाच, तर तिच्याकडून दोन वर्षं जास्त वसूल होतात.

पान तोडतं कोण, बिडी वळतं कोण?

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. शाळेत चित्रकला स्पर्धा, तहसील कचेरीसमोर शपथ, वर्तमानपत्रात फोटो. याच मे महिन्यात आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. शपथेचा दिवस उजाडेपर्यंत तोडणी बहुधा आटोपलेली असते आणि वाळलेल्या पानांचे बोद भरून निघायच्या तयारीत असतात. तंबाखूविरोधी दिन आणि तंबाखूचा हंगाम एकाच महिन्यात, एकाच गावात. दोघांची गाठ मात्र पडत नाही.

मे महिन्याच्या उन्हात दुपारी जंगलात राहता येत नाही, म्हणून बाया पहाटेच्या अंधारात निघतात. कमरेत वाकून झुडपावरची कोवळी पानं खुडायची, डोक्यावर गाठोडं घेऊन घरी यायचं, मग घरातल्या सगळ्यांनी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. पान फाटकं निघालं, लहान निघालं, तर पुडा बाजूला. मोजणारा पुरुष, लिहिणारा पुरुष, ठेकेदार पुरुष, वाकणारी बाई. कार्ड बहुतेक वेळा घरातल्या कर्त्याच्या नावावर, त्यामुळे बोनस आला तर तोही त्याच्या हाती. जंगलातला धोका वेगळाच. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. पाकिटावरच्या वैधानिक इशाऱ्यात हा धोका लिहिलेला नसतो.

ही पानं मग कारखानदारांच्या गोदामात आणि तिथून सट्टेदारामार्फत पुन्हा बायांच्याच घरी जातात. देशात बिडी कामगारांची संख्या सरकारी हिशेबानं जवळजवळ पन्नास लाख, त्यांतल्या बहुसंख्य बाया, आणि त्याही घरी बसून काम करणाऱ्या. 'घरी बसून' हा शब्द फसवा आहे. घरी बसून म्हणजे मालकाला जागेचं भाडं नाही, विजेचं बिल नाही, पाळणाघर नाही, हजेरीपट नाही. सुपात तंबाखू, मांडीवर मूल आणि घरभर तंबाखूची धूळ. या धुळीतून आणि कातडीतून निकोटीन वळणाऱ्या बाईच्या अंगात जातं, हे लघवीच्या तपासणीत दिसून आलेलं आहे. तिनं आयुष्यात एक झुरका मारलेला नसतो. पाठ, मान, डोळे जातात, दम लागतो. हजार बिड्या द्यायच्या तर हजाराहून जास्त वळाव्या लागतात, कारण सट्टेदार छाट काढतो. छाट काढलेल्या बिडीची मजुरी मिळत नाही, पण ती बिडी काही तो फेकून देत नाही.

याविरुद्ध बाया गप्प बसल्या असं समजू नका. आमच्या विदर्भातच, कामठीला, १९३० च्या दशकात बाबू हरदासांनी बिडी मजुरांची संघटना बांधली. आंबेडकरी चळवळीचे हे कार्यकर्ते. 'जय भीम' हे अभिवादन रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. जातीचा प्रश्न आणि बिडीचा प्रश्न वेगळे नाहीत हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. सीमाभागात निपाणीला तंबाखूच्या वखारींमधल्या बायांनी उभा केलेला लढा 'युगांतर' या स्त्रियांच्या गटानं १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' या माहितीपटात टिपून ठेवला. सोलापूरच्या बिडी कामगार बाया वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ साली त्या घरांच्या किल्ल्या बायांच्या हातात आल्या. जे मिळालं ते भांडून मिळालं. कर कमी झाला म्हणून मालकानं आपणहून मजुरी वाढवली असं एकही उदाहरण मला ठाऊक नाही.

घरात काय होतं?

आता ओढणाऱ्याच्या घरात डोकावू. दिवसाला बिडी-काडीचे वीस रुपये धरा. महिन्याचे सहाशे, वर्षाचे सात हजार तीनशे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे तेवीस-चोवीस दिवस उन्हात माती उपसायची ती नुसत्या धुरासाठी. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत बाईच्या खात्यात दरमहा जे दीड हजार येतात, त्यांतले सहाशे, म्हणजे शंभरातले चाळीस, याच वाटेनं जातात. बचत गटाच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला की बाया हसतात. हिशेब त्यांच्या केव्हाचाच पाठ असतो. फळ्यावर येण्याचा मान त्याला पहिल्यांदाच मिळालेला असतो.

श्रीमंत घरात सिगारेटचा खर्च शिलकीतून होतो. गरीब घरात तो ताटातून होतो. डाळ पातळ होते, अंडं येत नाही, मुलीची वही पुढच्या आठवड्यावर जाते. शेवटी उरलेलं खाणारी बाई असते, त्यामुळे कपातीची सुरुवात तिच्या ताटापासून होते. तरीही मागितल्यावर पैसे दिले नाहीत तर काय होतं, ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.

आणि आजार? चेन्नईत झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असं आढळलं, की पुरुषांच्या क्षयानं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे धूम्रपानापायी होतात. क्षय हा गरिबाचा रोग, बिडी हे गरिबाचं व्यसन, आणि दोघांचा मुक्काम एकाच छातीत. त्याला दवाखान्यात नेणारी, गोळ्यांची आठवण करणारी, थुंकी साफ करणारी, त्याची बुडालेली मजुरी भरून काढणारी बाईच असते. क्षयरुग्णाला सकस आहारासाठी सरकार २०१८ पासून महिन्याला पाचशे रुपये देऊ लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. चांगलं झालं. पण जिनं एकाच खोलीत त्याच्याशेजारी झोपून, त्याच्याच बिडीचा धूर आणि चुलीचाही धूर गिळला, तिच्यासाठी कुठला रकाना आहे? २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं की घरात त्यांना दुसऱ्याच्या बिडी-सिगारेटचा धूर सोसावा लागतो. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. कचेरी, रेल्वे, उपाहारगृह इथला धूर कमी झाला. कायद्यानं घर हे सार्वजनिक ठिकाण नाही. दिवसातला सर्वाधिक वेळ जिथं बाई असते, तिथं तिच्या फुप्फुसांना संरक्षण नाही.

बाईची तंबाखू

धूम्रपान करणाऱ्या बाया दोनच टक्के, हे वाचून पुष्कळांना हायसं वाटतं. बाया निर्व्यसनी, म्हणजे प्रश्न पुरुषांचा. हे अर्धसत्य आहे. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणाऱ्या आढळल्या. ओढणाऱ्या जेमतेम १.४ टक्के. बाकी सगळी तंबाखू तोंडात. पश्चिम महाराष्ट्रात मिसरी, आमच्याकडे खर्रा, आणि छत्तीसगडच्या सीमेवर असल्यानं गुडाखू. गुळाच्या काकवीत तंबाखू कालवून केलेला हा लगदा सकाळी बोटानं हिरड्यांना घासायचा. दात घासल्यासारखं दिसतं, त्यामुळे कुणाला खटकत नाही. बाई का घेते? पोटात काही नसताना सकाळी गुडाखू घासला की भूक मरते. दाढ दुखत असते आणि दाढेचा डॉक्टर गोंदियाला असतो. पहाटे जंगलात जायचं असतं, दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायची असते. ब्रिटिश आयांना सिगारेटचा क्षण हवा होता, आमच्या बायांना गुडाखूचा. फरक इतकाच, की ती सिगारेट ओढताना चारचौघांना दिसली, म्हणून तिच्यावर पुस्तक निघालं.

पुरुषाची बिडी आणि बाईची बिडी यांना समाज वेगवेगळ्या तराजूत तोलतो. त्यानं ओढली तर कामाचा शीण घालवतो. म्हातारीनं चुलीच्या निखाऱ्यावर पेटवली तर म्हातारपणाची मौज. तरुण बाईनं ओढली तर थेट चारित्र्यावर घसरतात. शहरात सिगारेट ओढणाऱ्या मुलीकडे बघणाऱ्यांच्या नजरेत तिच्या फुप्फुसांची काळजी नसते, हे आपण सगळ्या जाणतो. संस्कृतीच्या नावाखाली बाईला बिडी-सिगारेटपासून दूर ठेवणाऱ्यांशी आपलं काही देणंघेणं नाही.

पण दुसऱ्या टोकाचा सापळाही ओळखायला हवा. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत तरुण स्त्रियांनी सिगारेटी पेटवल्या आणि त्यांना स्वातंत्र्याच्या मशाली म्हटलं गेलं. ती कल्पना एका सिगारेट कंपनीच्या पगारी प्रचारतज्ज्ञाची होती. १९६८ मध्ये अमेरिकेत स्त्रीमुक्तीची भाषा चोरून बायांसाठी वेगळी सिगारेट निघाली. १९९० मध्ये आपल्याकडेही खास स्त्रियांसाठी म्हणून एक सिगारेट बाजारात आणली गेली आणि स्त्री संघटनांनी तिला विरोध केला. तो विरोध बरोबरच होता. बाईनं काय करावं हे ठरवायचा अधिकार जसा खाप पंचायतीला नाही तसा तंबाखू कंपनीलाही नाही.

वकिली कुणाची?

आता पुन्हा त्या दोन कारणांकडे. बिडीवर कर वाढला तर बाया बेकार होतील, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीवरचा कामगार कल्याण उपकर रद्द झाला. १९७६ च्या कायद्यानं आलेल्या या उपकरातून बिडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांची मदत चालत होती. बिडीतला जो पैसा थेट वळणाऱ्या बाईच्या नावावर बाजूला पडत होता तोच बंद झाला. त्या वेळी बायांची ही कळवळ कुठं होती? १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्यानं घरी काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळख दिली होती. तो कायदा नव्या कामगार संहितेत विरघळून गेला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. वेगळा कायदा गेला, वेगळा निधी गेला, आणि सवलत मिळाली ती मालाला. सवलत बाईच्या नावावर मागायची आणि मालकाच्या खात्यावर जमा करायची, हा जुना धंदा आहे. याआधीही, वर्षाला वीस लाखांपर्यंत बिड्या करणाऱ्या छोट्या उत्पादकाला उत्पादन शुल्क माफ होतं. तेव्हा मोठ्या धंद्याचे कागदावर तुकडे पाडून माफी लाटण्याचे प्रकार झाले. बाईच्या छाट बिड्या मात्र कधी माफ झाल्या नाहीत.

या भागातल्या शाळा, महाविद्यालयं, धर्मशाळा बिडीच्या पैशानं उभ्या राहिल्या, हेही अभिमानानं सांगतात. खरं आहे ते. पण तो पैसा कुणाच्या न दिलेल्या मजुरीतून साठला, हे त्या कोनशिलांवर कोरलेलं नाही.

एक अवघड प्रश्न आपल्याच माणसांचा आहे, तो टाळून चालणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तेंदूपत्त्यावर ग्रामसभेचा हक्क मानला. गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी २०१३ नंतर ठेकेदाराला बाजूला सारून स्वतः तेंदूपत्ता विकला आणि तोडणाऱ्यांच्या हाती पूर्वीपेक्षा जास्त पैसे पडले. ही आपल्या चळवळीची कमाई आहे. मग आपण बिडी महाग करा म्हणतो, तेव्हा आपल्याच ग्रामसभेच्या उत्पन्नावर कुऱ्हाड मारत नाही का? मला वाटतं, प्रामाणिक उत्तर असं आहे. पानाचा भाव ही वर्षातल्या दोन-तीन आठवड्यांची कमाई आहे, धूर वर्षभराचा आहे. एका हातानं पुड्याचे पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं बिडीला, गोळ्यांना, नागपूरच्या दवाखान्याच्या गाडीभाड्याला द्यायचे, ही कमाई नव्हे. जंगलावरचा हक्क पक्का ठेवायचा, आणि त्या हक्कातून मोह, चारोळी, लाख, बांबू यांना खात्रीचा भाव मागायचा. आदिवासी बाईला जगायला दुसरं काही ठेवायचं नाही आणि मग ती तेंदूवर जगते म्हणून तेंदू वाचवायचा, या तर्काला आपण मान डोलवता कामा नये.

दुसरीकडे, नुसता कर वाढवून आणि बंदी घालूनही भागणार नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायलाही राज्य सरकारनं बंदी घातली. कुठल्याही पानठेल्यावर जाऊन पाहा. बंदीचा हप्ता होतो, हप्त्यानं माल महाग होतो, आणि महागाई पुन्हा बाईच्या डब्यातून वसूल होते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला व्यसनाधीनता शिकवली ती माणसाच्या मनाचा आजार म्हणून. समुपदेशन करा, वर्तन बदला. बायकांच्या मेळाव्यात तर आणखी पुढे जाऊन सांगतात, की नवऱ्याला प्रेमानं समजवा. म्हणजे त्यानं ओढायची, तिनं खोकल्याचं करायचं, आणि त्याला सोडायला लावायची जबाबदारीही तिचीच! नाही सुटली तर ती कमी पडली.

आपण काय मागायचं?

बिडी महाग व्हायलाच हवी, सिगारेटइतकीच. पण तिच्यातून येणारा पैसा तिजोरीत जिरता कामा नये. बिडी वळणाऱ्या आणि पान तोडणाऱ्या बायांच्या नावानं वेगळा निधी पुन्हा उभा करा. त्यातून निवृत्तिवेतन द्या, मुलींच्या शिष्यवृत्त्या द्या, आणि ज्या बाईला बिडीचं सूप खाली ठेवायचं आहे तिला दुसरं काम उभं राहीपर्यंत दरमहा पैसे द्या. तेंदूचं कार्ड, बोनस आणि ग्रामसभेतली वाटणी बाईच्या नावावर करा; ज्या हातानं पान तोडलं त्या हातात पैसा पडला पाहिजे.

व्यसन सोडवण्याची मदत गावात आणा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ आहे. पण गोंडी, पवारी, छत्तीसगढी बोलणाऱ्या, आणि घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात असलेल्या बाईला त्याचा उपयोग किती? शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ'नं दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव संघटना बांधून दाखवल्या. आरोग्य उपकेंद्रात क्षयाच्या गोळ्यांसोबत बिडी सोडवायचं औषध आणि सल्ला, आणि तेवढ्याच गांभीर्यानं बाईच्या गुडाखूची, खर्ऱ्याची, तोंडाची तपासणी झाली पाहिजे. आशाताईंवर आणखी एक फुकट काम न लादता, मोबदला देऊन.

आणि शेवटची मागणी आपल्या स्वतःकडे. स्त्री चळवळीनं दारूविरुद्ध मोठे लढे दिले, गावंच्या गावं बाटली आडवी करून दाखवली. बिडी-तंबाखूकडे मात्र आपण किरकोळ म्हणून पाहत आलो, कारण बिडी ओढून कुणी बायकोला मारत नाही. मारत नसेल, पण तिच्या मजुरीतून, ताटातून, श्वासातून ती रोज थोडं थोडं काढून घेते. तुमच्या गावात, वस्तीत, बचत गटात या हंगामाला दोन हिशेब मांडा. तेंदूपत्त्यातून आणि बिडीतून घरात किती आलं, आणि बिडी, खर्रा, औषधांत किती गेलं. ते आकडे ग्रामसभेत वाचा, ठरावात लिहा, आमदार-खासदारांच्या हातात ठेवा. पुढच्या वेळी कुणी बिडी कामगार बायांच्या नावानं सवलत मागायला दिल्लीला निघाला, तर त्या बायांचा स्वतःचा हिशेब त्याच्याआधी तिथं पोचलेला असला पाहिजे.